रोध वाढला की उष्णता वाढते की कमी होते?

तुमचा गोंधळ असा: एक सूत्र म्हणतं, शक्ती (म्हणजे दर सेकंदाला निघणारी उष्णता) म्हणजे विभवांतराचा, म्हणजे व्होल्टेजचा, वर्ग भागिले रोध. दुसरं म्हणतं, धारेचा, म्हणजे करंटचा, वर्ग गुणिले रोध. पहिल्यात रोध वाढला की उष्णता घटते, दुसऱ्यात वाढते. मग खरं कुठलं?

दोन्ही खरी. दहावीत मीही इथेच अडकलो होतो. सूत्राला हात लावण्याआधी बघायचं, की या ठिकाणी कायम काय राहतंय, व्होल्टेज की करंट.

माझी गाठ सुटली ती घरातल्या एका जळक्या सॉकेटमुळे. अंघोळीच्या पाण्यासाठी 1500 वॅटचा रॉड होता. पुरवठा 230 व्होल्टचा, म्हणजे करंट साडेसहा अँपिअर आणि रॉडचा रोध 35 ओहमच्या आसपास. घरातली उपकरणं समांतर जोडलेली असतात, प्रत्येकाला तेच 230 व्होल्ट मिळतात. म्हणून तिथे पहिलं सूत्र चालतं. 2000 वॅटच्या गिझरचा रोध रॉडपेक्षा कमीच भरतो, 26 ओहम.

पण आमच्या सॉकेटातली पितळी पट्टी सैल झाली होती. हा सैल जोड रॉडशी एकसर आला, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, दोघांतून तोच करंट. त्याचा रोध अर्धा ओहम धरा. पस्तिसात अर्ध्याची भर पडून करंटला काय फरक पडणार? तो रॉडच ठरवतो. म्हणून इथे दुसरं सूत्र: 6.4 चा वर्ग गुणिले अर्धा, जवळपास 20 वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रेडिओ दुरुस्त करणारा 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळवतो, आणि आमच्याकडे जवळजवळ तेवढी उष्णता रोज सकाळी सॉकेटाच्या प्लास्टिकात कोंडली जात होती! एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच) ढिम्म हलला नाही, कारण करंट वाढलाच नव्हता, उलट कणभर घटला होता.

हाच खेळ जुन्या तारेच्या बल्बांचा. 40 आणि 100 वॅटचे दोन बल्ब एकसर जोडले तर 40 चा जास्त उजळतो, कारण त्याचा रोध मोठा आणि करंट दोघांतून एकच. (हा प्रयोग शाळेत सरांसमोर बघा, घरी नको.)

रॉड बंद करून प्लग काढल्यावर पिना चटका देत असतील तर सॉकेट बदलून घ्या, आणि 16 अँपिअरचंच बसवा.