सोनारमुळे देवमासे खरंच मरतात, की हा पर्यावरणवाल्यांचा कांगावा आहे?

मरतात. घाई असेल तर एवढं उत्तर पुरे. (सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधायचं यंत्र.)

प्रश्नाखाली तुम्ही आणखी जोडलंय, "युद्धात माणसं मरतात, तिथं माशांचं काय घेऊन बसलात?" हेच वाक्य मी केज तालुक्यात मांजरेच्या डोहाकाठी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

पंधरा वर्षं नौदलात होतो, त्यातली बरीचशी सोनारवर. जहाजाचं नाव सांगणार नाही, विचारू नका. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या शेजारचा मी. नोकरीला लागेपर्यंत विहिरीपेक्षा खोल पाणी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा कानाला हेडफोन लावला तेव्हा वाटलं, मशीन बिघडलंय. सारखी तडतड. नागपंचमीला कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, अगदी तशी. शेजारचा सीनियर हसला. म्हणाला, कोळंबी आहे. बोटाएवढी एक कोळंबी असते, ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. उथळ, कोमट समुद्रात हा आवाज रात्रंदिवस चालू असतो. समुद्र मुका असतो हा माझा समज त्या दिवशी गेला. पाण्यात नजर थोड्या अंतरावर संपते, आवाज मात्र सेकंदाला दीड किलोमीटर धावतो. त्यामुळे तिथला निम्मा संसार कानावर चालतो, आणि आपण नेमका तिथंच भोंगा लावतो.

आता डोहाचं. तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दाजींचा विहिरींच्या ब्लास्टिंगचा धंदा. ट्रॅक्टर, त्यावर कॉम्प्रेसर, खडकात होल मारायचे, सुरुंग उडवायचे, मग यारीवाला येऊन दगड उपसणार. 2018 च्या मे महिन्यात मी बहिणीकडे गेलो होतो. नदी आटलेली, गावाखालचा एक डोह तेवढा उरला होता. दाजी म्हणाले, चला मेव्हणं, मासे दाखवतो. मला वाटलं गळ टाकणार. त्यांनी पिशवीतून जिलेटिनच्या दोन कांड्या काढल्या.

आवाज काही फार झाला नाही. धुप्प. पाणी गुडघाभर उचललं आणि बसलं, तळपायाला काठ हलल्याचं कळलं. मग एकेक पांढरं पोट वर यायला लागलं. रोहू, कटला, चिलापी. पोरांनी उड्या टाकून वीसेक किलो गोळा केले. दाजी म्हणाले, "बगा, वीस किलो. बाकीचे पळाले, त्यांना काय झालं नाय." बहिणीनं रोहू चिरायला घेतला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. वरून खवला हललेला नाही आणि पोटात रक्ताचा गोळा. आतली हवेची पिशवी, आम्ही लहानपणी जिला फुगा म्हणायचो, तिच्या चिंध्या. काट्यांपासून मांस सुटलेलं. का होतं तेही सांगतो: स्फोटाची लाट आधी फुग्याला दाबते, पृष्ठभागावर आपटून परत येते तेव्हा उलटी होऊन त्याला ताणते. दाब माशाला एकवेळ सोसतो, ताण सोसत नाही. कालवण मी खाल्लं. खोटं कशाला बोलू.

चार दिवसांत दोन्ही काठांच्या मोटारींनी उसासाठी डोह उपसला आणि तळ उघडा पडला. गाळात बोटभर पिल्लांचा थर चिकटलेला होता. वास इतका की गुरं काठाला येईनात. फुगा फुटलेला मासा तरंगणार कशाच्या जोरावर? बरेचसे थेट बुडतात. जे वर आलं तेवढंच मेलं, हा हिशोबच चुकीचा. खेकडे मात्र ठणठणीत होते, मेजवानी चालू होती त्यांची. खेकड्याच्या अंगात हवेची पिशवी नसते, त्याला स्फोटाचं फारसं काही वाटत नाही.

दाजींना हात धरून नेलं, तळ दाखवला. तेव्हा ते तुमचं वाक्य म्हणाले आणि वर एक ऐकवलं: "तुमी पंधरा वर्षं समुद्रात हेच केलं, सरकारी पगारावर. आमी दोन कांड्या टाकल्या तर लगेच शाणपणा?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून वाचतोय.

दाजी निम्मे बरोबर निघाले. मार्च 2000 मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकी नौदलाचा सराव चालू असताना 17 देवमासे आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागले. चौकशीत सोनारच कारणीभूत दिसतो, हे त्यांच्याच नौदलानं सरकारी अहवालात मान्य केलं. मग कांगावा कुणाचा? सप्टेंबर 2002 मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर पुन्हा तेच, 14 चोचवाले देवमासे. त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले. हा मासा (मासा म्हणायची सवय, आहे तो सस्तन प्राणी) जवळजवळ 3,000 मीटर खोल बुडी मारतो. सोनारच्या आवाजानं तो बिथरतो, बुडी आणि वर येण्याचं तंत्र बिघडतं आणि रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, असं त्याचं कारण मांडतात. खोल बुडी मारलेला माणूस घाईनं वर आला की त्याला हाच आजार होतो. नौदलात हे पोरासोरांना माहीत असतं, पण देवमाशालाही होत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की सोनार 235 डेसिबल, म्हणजे डीजेच्या कितीतरी पट. अशी थेट तुलना चूक आहे. पाण्यातलं आणि हवेतलं माप वेगळं, तुलना करायची तर साठेक डेसिबल वजा करा. त्यानंतरही जे उरतं ते मिरवणुकीतल्या कुठल्याही स्पीकरच्या भिंतीला ऐकणार नाही.

सोनारची चर्चा होते कारण देवमासा किनाऱ्यावर दिसतो. माझ्या मते स्फोट आणि तेला-खताची गळती जास्त वाईट, फक्त त्यांनी मेलेलं आमच्या डोहासारखं तळाला बसतं. 2021 मध्ये अमेरिकेनं आपली नवी विमानवाहू नौका धक्का सोसते का हे पाहायला फ्लोरिडाच्या समुद्रात 18 टन स्फोटकं उडवली. भूकंपमापकावर 3.9 ची नोंद झाली. 1993 चं किल्लारी ज्यांनी अंगावर काढलंय त्यांना 3.9 म्हणजे काय हे मी सांगायला नको. आणि ती फक्त चाचणी होती. 1991 च्या आखाती युद्धात सोडलेल्या तेलानं सौदीचा शेकडो किलोमीटर किनारा काळा केला, ते खेकड्यांच्या बिळांतून जमिनीत उतरलं आणि दहा वर्षांनीही तिथं सापडत होतं. त्या वेळी खेकडेही वाचले नाहीत.

तरी दाजींना सगळ्यात पटलं ते रुबीमार. फेब्रुवारी 2024 मध्ये तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र मारलं आणि मार्चमध्ये ते बुडालं. पोटात सुमारे 21,000 टन अमोनियम फॉस्फेट सल्फेट. म्हणजे दुकानात वीस-वीस-शून्य-तेरा म्हणून मागतो तेच खत. पन्नास किलोच्या चार लाखांवर गोण्या होतात. शेततळ्यात खताचं पाणी उतरलं की हिरवा साका धरतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून श्वासाला तडफडतात. तीच भीती तिथल्या प्रवाळांबद्दल होती. "चार लाख गोण्या," दाजी दोनदा म्हणाले. गोण्यांचं दुःख होतं की माशांचं, कळलं नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रात मासेमारी जवळजवळ बंद पडली आणि लढाई संपल्यावर जाळ्यांना भरघोस मासे लागले. म्हणजे नांगरासारखं जाळं रोज ओढणं माशांना लढाईपेक्षा महाग पडत होतं. आणि किनाऱ्याला लागलेला प्रत्येक देवमासा सोनारनं मेलेला नसतो. जानेवारी 2016 मध्ये तमिळनाडूत तिरुचेंदूरजवळ ऐंशीच्या वर देवमासे आले, 1973 मध्येही त्याच किनाऱ्यावर असंच झालं होतं. उठसूट नौदलाला शिव्या देऊ नका.

सोनार बंद करा असं मी म्हणणार नाही. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पाणबुडी वेळेत ऐकू आली नाही तर काय होतं हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण सराव कुठं करायचा हे तर आपल्या हातात असतं ना? स्पेननं 2004 मध्ये कॅनरी बेटांभोवती सोनारला बंदी घातली. त्यानंतर तिथं तसे कळप किनाऱ्याला लागले नाहीत आणि स्पेनचं नौदलही काही बुडालं नाही.

दिवाळीत दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग आमाला बी दुसरा डोह दाखवा की." दुसरा डोह आहे, पाच कोसांवर. तिथं त्यांच्या चुलतभावाचा मासेमारीचा ठेका आहे. तिथं दाजी कांडी टाकत नाहीत.