जुनी गाडी घेतली आणि स्पार्क प्लगचे आटे खराब निघाले: प्लग जोर लावून बसवावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीचे चारही स्पार्क प्लग बदलायला आपण घेतले, तीन नीट बसले, चौथा मात्र दोन-तीन फेऱ्यांतच अडला. आता पान्याने जोर लावून तो आत घालावा, की हेड (सिलिंडरवरचा, प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्याच्या खर्चाची तयारी ठेवावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझे उत्तर असे, की जोर मुळीच लावू नये, आणि हेड उतरवण्याची वेळही बहुधा येणार नाही. मात्र आटे कशामुळे आणि किती बिघडले आहेत हे कळेपर्यंत त्या भोकात प्लग पुन्हा फिरवू नका आणि इंजिन सुरू करू नका. भोकात कचरा पडू नये म्हणून स्वच्छ कापडाचा बोळा घट्ट बसवून ठेवा.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. मी घेतलेल्या जुन्या गाडीच्या दुसऱ्या सिलिंडरचा प्लग पहिल्यांदा काढला, तेव्हा त्याच्याभोवती स्प्रिंगसारखी चकचकीत पोलादी तार गुंडाळलेली बाहेर आली. इंजिनाचाच एखादा भाग तुटून आला, असे वाटून मी अर्धा तास नुसता बसून राहिलो होतो. प्रत्यक्षात ती हेलिकॉइल होती, म्हणजे पूर्वी कधीतरी आटे गेल्यावर कोणीतरी बसवलेली तारेची दुरुस्ती. विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कदाचित त्यालाही ते ठाऊक नसेल, कारण गाडी त्याच्याकडेही आधीच्या मालकाकडूनच आली होती. तेव्हापासून जुन्या गाडीतले प्रत्येक भोक निराळे समजून तपासावे, असे माझे मत झाले आहे. तीन प्लग सहज निघाले, यावरून चौथ्याविषयी काहीही सिद्ध होत नाही.

सर्वांत आधी फेरे मोजण्याची सवय लावून घ्या. आधुनिक गाड्यांतील पुष्कळ प्लग १४ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि त्यांच्या आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असते. आट्यांचा भाग १९ मिलिमीटर लांब असेल, तर प्लग पूर्ण आत जायला साधारण पंधरा फेरे लागतात, २६.५ मिलिमीटरच्या लांब प्लगला वीसहून अधिक लागतात. निरोगी भोकात यातले जवळजवळ सगळे फेरे नुसत्या बोटांनी व्हायला हवेत. जुना प्लग काढताना पंधरा फेरे मोजले आणि नवा तिसऱ्या फेऱ्याला अडला, तर तो तिरका लागला आहे किंवा सुरुवातीचे आटे चेपले आहेत. बारा-तेरा फेरे सहज होऊन मग अडत असेल, तर आतल्या टोकाच्या आट्यांत काजळी साठली असण्याची शक्यता अधिक. आणि प्लग शेवटपर्यंत जाऊनही घट्टच होत नसेल, नुसता गरागरा फिरत असेल, तर आटे गेले आहेत. या तीन अवस्थांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

फेऱ्यांइतकाच उपयोग बाहेर काढलेल्या प्लगचा होतो. तो पुसून टाकण्याची घाई करू नका. आट्यांच्या खाचांत काळा, ठिसूळ थर असेल तर ती काजळी. पांढऱ्या-रुपेरी धातूच्या बारीक पट्ट्या अडकलेल्या असतील तर ते हेडचे ॲल्युमिनियम आहे, म्हणजे भोकातले आटे प्लगसोबत बाहेर आले आहेत. शेवटचे दोन-तीन आटेच काळे आणि बाकीचे स्वच्छ असतील, तर आधीच्या मालकाने चुकीच्या लांबीचा प्लग लावला असावा, अशी शंका घ्यावी. लांबी जास्त असली की टोकाचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, त्यांवर काजळी बसते, आणि प्लग काढताना ती काजळी हेडचे आटे ओरबाडत बाहेर येते. लांबी कमी असली तर उलट घडते: भोकातले खालचे आटे उघडे राहून भरतात आणि पुढे योग्य लांबीचा प्लग तिथे अडतो. म्हणून नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच आहे ना, हे आधी पाहा, आणि जुन्याशेजारी ठेवून दोघांची लांबी ताडून घ्या. माझ्या मते निम्मी कोडी इथेच सुटतात.

यानंतर भोकात प्रत्यक्ष डोकवा. पातळ केबलच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेले, मोबाईलला जोडता येणारे उपकरण मिळते. ते नसेल तर विजेरी आणि लहान आरसा चालेल. आट्यांची रेघ अखंड वर्तुळाकार दिसते का, वरच्या काठावर दुसरीच तिरकी रेघ उमटली आहे का, आणि ॲल्युमिनियमच्या रंगात पोलादाचा वेगळा चकाकता रंग दिसतो का, हे पाहा. शेवटची खूण दिसली तर तिथे आधीच दुरुस्ती झालेली आहे.

आता जोर का लावू नये, हे हिशेबानेच सांगतो. पूर्ण भार असताना ज्वलनाचा दाब ६० बार धरला, तर १४ मिलिमीटरच्या प्लगला बाहेर ढकलणारे बल सुमारे ९०० न्यूटन, म्हणजे जेमतेम ९० किलो वजनाइतके भरते. याउलट तोच प्लग २७ न्यूटन-मीटरने आवळला, तर आट्यांवर येणारा ताण ढोबळमानाने साडेनऊ हजार न्यूटन, म्हणजे जवळपास टनभर असतो. आट्यांचा खरा शत्रू स्फोटाचा दाब नसून आपल्या हातातला लांब दांड्याचा पाना आहे. प्लगचे कवच पोलादाचे आणि हेड ॲल्युमिनियमचे, त्यामुळे दोहोंच्या झटापटीत कोण हरणार हे आधीच ठरलेले असते. सैल राहिलेला प्लगही निरुपद्रवी नसतो. तो प्रत्येक ठिणगीला आट्यांत सूक्ष्म हादरे देतो, त्याची उष्णता हेडमध्ये नीट उतरत नाही, आणि शेवटी एखाद्या चढावर तो वर बसवलेल्या, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलसकट उडतो.

निदान झाल्यावर उपायाकडे वळू. तिरकी सुरुवात झाली असेल आणि आटे फक्त काठाशी चेपले असतील, तर रबरी नळीचा उपाय करून पाहा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोकावर घट्ट बसेल अशी वीतभर नळी घ्या, प्लग भोकावर टेकवा आणि आधी उलट दिशेने हलकेच फिरवा. आटे एकमेकांत बसताना बारीकसा टक असा झटका हाताला जाणवतो. त्या क्षणी सुलट फिरवायला लागा. प्लग पुन्हा तिरका जाऊ लागला तर नळीच घसरते आणि हेडचे नुकसान होत नाही. पान्याला ही शहाणीव नसते.

काजळी किंवा किरकोळ चेपलेले आटे असतील, तर आटे साफ करण्याचे हत्यार वापरावे लागते. इथे एक फरक ध्यानात ठेवा: नवे आटे पाडणारा धारदार टॅप घातला, तर तो उरलेले आटेही कापून पातळ करतो. त्याऐवजी आतून घालून बाहेरच्या दिशेने काढायचा, टोकाशी फाकणारा टॅप मिळतो. तो खालच्या शाबूत आट्यांना धरून वर येतो, त्यामुळे वाट चुकत नाही आणि कापलेल्या धातूचा कीस बव्हंशी भोकाबाहेर येतो. माझ्या अनुभवात हे हत्यार विकत घेण्यापेक्षा ते ज्याच्याकडे आहे असा कारागीर शोधणे सोपे पडले.

आटे पूर्ण गेलेच असतील, तर निवड मुख्यतः दोन गोष्टींत असते. हेलिकॉइलसाठी भोक मोठे करून सुमारे १५.६ मिलिमीटरचे नवे आटे पाडतात आणि त्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. दुसऱ्या प्रकारात आतून-बाहेरून आटे असलेली भरीव पोलादी बुश बसवतात. टाइम-सर्ट हे त्यातले परिचित नाव. दोन्हीत ॲल्युमिनियममधील आट्यांचा व्यास वाढत असल्याने, नीट बसवलेली दुरुस्ती मूळ आट्यांहून सहसा मजबूतच असते. तरीही स्पार्क प्लगच्या भोकासाठी मी भरीव बुशच निवडेन. कारण उघड आहे: प्लग पुन्हापुन्हा काढावा लागतो, आणि तारेचे वेटोळे त्याच्यासोबत निघून येऊ शकते, जसे माझ्याकडे आले. बुशला वर कॉलर असते आणि ती खालच्या बाजूला फुलवून पक्की करतात, म्हणून ती जागेवर राहते. प्लगचे बूड वॉशरचे नसून निमुळते असेल, तर बुशही त्याच बैठकीची लागते. ही चूक मी एका ओळखीच्या गाडीत पाहिली आहे, आणि तिथे प्लगभोवती तेलकट काळा डाग आणि फसफस आवाज कायम राहिला होता.

टॅप सरळ जाणे ही या कामातली खरी अवघड गोष्ट आहे. खोल विहिरीसारख्या जागेत, लांब एक्स्टेंशन लावून टॅप जरासा जरी कलला, तरी भोक व्हॉल्व्हच्या बैठकीकडे झुकते, आणि चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये तिथली भिंत मुळातच पातळ असते. म्हणून पूर्वी कधी आटे पाडले नसतील, तर हा पहिला प्रयोग आपल्या रोजच्या गाडीवर करू नये. कारागिराला काम देताना मात्र तीन गोष्टी अगोदर विचारा: बुश भरीव बसवणार की तार, टॅपला मार्गदर्शक टोक आहे का, आणि कीस सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना जो हसतो, त्याच्याकडून मी तरी काम करून घेत नाही. योग्य उत्तर साधारण असे असते: टॅपच्या खाचांत जाड ग्रीस भरायचे, थोडेथोडे फेरे घेऊन टॅप बाहेर काढून पुसायचा, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद राहतील अशा स्थितीत इंजिन ठेवायचे, शेवटी बारीक नळीने आतून ओढून घ्यायचे, आणि इंधन व ठिणगी दोन्ही तोडून, प्लग न लावता स्टार्टर काही क्षण फिरवायचा. हेड उतरवण्याची गरज भोक वाकडे झाल्यावर, हेडला तडा गेल्यावर किंवा आधीची बुशही उखडल्यावर पडते.

काही गोष्टी मात्र कोणीही सुचवल्या तरी करू नका. आट्यांना प्लंबरची पांढरी टेप गुंडाळणे किंवा इपॉक्सी भरून प्लग चिकटवणे, हे दोन्ही प्रकार मी ऐकले आहेत. प्लगची उष्णता आणि विजेचा परतीचा मार्ग दोन्ही या धातूच्या स्पर्शातूनच जातात, त्यामुळे तिथे परका थर घालणे म्हणजे प्लगचे कामच बिघडवणे होय. त्या सिलिंडरचा प्लग सैल ठेवून गाडी चालवत राहणेही तितकेच वाईट, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो.

प्लग बसवताना इंजिन पूर्ण थंड असावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम हेडमध्ये काढ-घाल करताना आटे अधिक सहज दुखावतात. पुस्तिकेतला टॉर्क, म्हणजे आवळण्याच्या जोराचे माप, मिळाला तर तोच पाळा. न मिळाल्यास, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर, हा सर्वसाधारण अंदाज आहे. टॉर्क रेंच नसेल तर १४ मिलिमीटरचा वॉशरवाला नवा प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. निमुळत्या बुडाच्या प्लगला जेमतेम एक-सोळांश फेरा. आट्यांना ग्रीस किंवा जाम न होण्याचा लेप लावण्याची सवय अनेकांना असते. मुलामा दिलेल्या नव्या प्लगना त्याची गरज नसते, आणि लावलाच तर घर्षण कमी होऊन तेवढ्याच टॉर्कला आट्यांवरचा ताण वाढतो, म्हणून टॉर्क घटवावा लागतो.

जुने प्लग अजून काढायचे राहिले असते, तर आणखी एक सुचवले असते. पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. विहिरीतली धूळ आधी हवेने उडवा, जाम प्लग चतुर्थांश फेरा सैल करा, गंज सोडवणारे तेल थेंबभर सोडून रात्रभर थांबा, आणि फिरवताना तो करकरला की पुन्हा थोडा आत नेऊन मग बाहेर आणा. एकाच दमात उपटू नका.

दुरुस्तीनंतर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजून घ्या आणि इतर तिघांशी ताडून पाहा. काही दिवसांनी कॉइल काढून विहिरीत नवा काळा डाग पडला आहे का, तेही बघा. माझ्या गाडीत दुसऱ्या सिलिंडरला कोणती बुश केव्हा बसवली आणि प्लग किती टॉर्कने आवळला, हे मी सर्व्हिसच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे, म्हणजे ही गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल, त्याला हातातल्या तारेकडे बघत अर्धा तास बसावे लागणार नाही.