भिंत गेली, पंचनाम्यात ‘सी’

प्रश्न: दूधगंगेचं पाणी चार दिवस घरात होतं. मागची मातीची भिंत बसली, तरी पंचनाम्यात ‘सी’ गट, म्हणजे कमी नुकसानीचा, पडला. घर मयत सासऱ्यांच्या नावावर. वकिलाला पैसे नाहीत.
– एक गृहिणी, चिकोडी तालुका

उत्तर: ताई, पैशाची काळजी सोडा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात, कलम १२ प्रमाणे, पूरग्रस्ताला फुकट वकील मिळतो. बाईमाणसाला तर एरवीही. तालुका कोर्टातली विधी सेवा समिती गाठा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. फेरपाहणीचा अर्ज तहसीलदारांकडे द्या, पोच घ्या. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो आधी काढा, चुना मग! वारसा लावून घ्या. आणि कन्नड कागद कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. वकील असून मीही एकदा फसलेय.