सुतळी बॉम्बच्या आधीचे वीस दिवस

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. कुत्र्याची दिवाळी सुखाची जाणार की नाही, हे बरंचसं याच दिवसांत ठरतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी फोन केला, तर पशुवैद्याच्याही हातात फार थोडं उरलेलं असतं. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा वाचकांच्या सणाच्या प्रश्नांना दिली आहे.

आमचा लॅब्रेडॉर चार वर्षांचा आहे. दर दिवाळीला पलंगाखाली शिरतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, जेवत नाही. सासूबाई म्हणतात, अशा वेळी जवळ घेऊ नका, त्याने तो जास्त घाबरतो. आत्तापासून काय करता येईल?
– एक वाचक, डोंबिवली

आधी सासूबाईंच्या मुद्द्याचं. भीती ही खोड नाही, त्यामुळे कुरवाळल्याने ती वाढत नाही. तो तुमच्याजवळ आला तर खुशाल जवळ घ्या, पाठीवरून सावकाश हात फिरवा. फक्त पलंगाखालून ओढून काढू नका. ती जागा त्याने स्वतः निवडलेली असते.

खोलीची तयारी आजच सुरू करा. बाहेरच्या भिंती सर्वांत कमी असलेली जागा निवडा. फ्लॅटमध्ये ती बहुधा पॅसेज, कपाटामागचा कोपरा किंवा बाथरूम असते. त्याचं अंथरूण आणि तुमची एखादी न धुतलेली चादर तिथे ठेवा आणि आठवडाभर आधीपासून त्याचं एक जेवण रोज तिथेच द्या. ऐन दिवाळीत पहिल्यांदा तिथे कोंडलं, तर ती त्याला शिक्षाच वाटते. दार उघडं ठेवा. पिंजऱ्यात किंवा खोलीत बंद केलेले घाबरलेले कुत्रे जाळी चावून दात मोडून घेतात, दार खरवडून नखं उपटून घेतात. अंधार पडायच्या आत खिडक्या लावा, जाड पडदे ओढा आणि दिवा चालूच ठेवा, म्हणजे बाहेरचा लखलखाट कमी जाणवतो. पंखा जोरात, टीव्ही नेहमीपेक्षा थोडा मोठा. सलग घरघर करणाऱ्या आवाजात बाहेरचे लहान आवाज बुडतात. सुतळी बॉम्ब बुडत नाही, पण दोन बॉम्बच्या मधली लवंगी माळ तरी बुडते.

आवाजाची सवय करायला खरं तर दोन-तीन महिने लागतात. तरी वीस दिवसांत काही पदरात पडतं. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवरून नको, ब्लूटूथ स्पीकरवरून लावा. मोबाइलमधून खालच्या सुरातला धमाका नीट येतच नाही. सुरुवातीचा आवाज इतका बारीक हवा की त्याचा फक्त कान हलेल. फटाका वाजला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्या. आधी आवाज, मग खाऊ, हाच क्रम. उलटं झालं तर खाऊची पिशवी दिसली की तो घाबरायला शिकतो. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. आवाज आल्यावर तो आपणहून तुमच्या हाताकडे बघायला लागला, की आवाज एक घर वाढवा. खाणं थांबलं किंवा धापा सुरू झाल्या, तर दोन घरं खाली या. बाहेर खरे फटाके सुरू झाले की रेकॉर्डिंग बंद. तेव्हा दर धमाक्यामागे खाऊ टाकत राहा. स्पीकरमध्ये धूर, वास आणि जमिनीचा कंप नसतो, त्यामुळे रेकॉर्डिंगला न घाबरणारा कुत्रा प्रत्यक्षात थोडा मागे जातो. त्याने निराश होऊ नका. मात्र तो चिकनलाही तोंड लावत नसेल, तर भीती शिकवणीच्या पलीकडे गेली आहे असं समजा आणि पुढचं उत्तर वाचा.

वेळापत्रकही बदला. संध्याकाळचं फिरणं साडेचार-पाचला आणि जेवण त्यानंतर लगेच. आवाज सुरू झाल्यावर पोटभर खायला सहसा तो तयार होत नाही. नरक चतुर्दशीला आपल्याकडे अभ्यंगस्नानाआधी, पहाटे चार-पाचलाच फटाके वाजू लागतात. नेहमीप्रमाणे साडेपाचला पट्टा घेऊन निघालात तर ऐन दणदणाटात सापडाल. आदल्या रात्री उशिरा एकदा खाली नेऊन आणा आणि सकाळी आठनंतरच बाहेर पडा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना बंदी आहे हे खरं, पण कुत्र्याचं वेळापत्रक त्या भरवशावर आखू नका.

ओळखीच्या एकांनी गेल्या दिवाळीत कुत्र्याला घरातलीच झोपेची गोळी दिली. तो शांत पडून होता. आम्हीही द्यावी का?
– एक वाचक, नागपूर

नको. पडून होता एवढंच खरं. तो शांत होता की नाही, हे त्यावरून कळत नाही. अॅसेप्रोमाझीनसारखी जुनी गुंगीची औषधं एकटी दिली की शरीर ढिलं पडतं, भीती मात्र तशीच राहते. काही कुत्रे तर आवाजाने जास्त दचकतात, फक्त त्यांना उठून पळता येत नाही. बघणाऱ्याला समाधान, कुत्र्याला दुप्पट जाच.

आता पशुवैद्य बहुधा ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन किंवा अल्प्राझोलॅमच्या गटातलं औषध सुचवतात. कोणतं आणि किती, हे वजन, वय, हृदय, यकृत आणि सुरू असलेली इतर औषधं बघून ठरतं, म्हणून इथे डोस छापत नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. सणाच्या किमान आठवडाभर आधी, शांत दिवशी, एक डोस देऊन बघायचा असतो. काही कुत्रे अल्प्राझोलॅमने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात आणि ते लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळून उपयोग नाही. दुसरं, औषध आवाज सुरू व्हायच्या साधारण दोन तास आधी पोटात जायला हवं. घाबरल्यानंतर दिलेली गोळी फारसं काम करत नाही, आणि मग लोक ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून आणखी एक देतात.

गॅबापेंटिनचं माणसांसाठीचं पातळ औषध देऊ नका. त्यातल्या काहींत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, असतं. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

बीगलने बेसनाचे तीन लाडू पळवले. त्यात बेदाणे होते. अजून तरी ठीक दिसतो. काही करावं लागेल का? फराळातलं काय चालतं?
– एक वाचक, कोल्हापूर

लाडू बेसनाचे आहेत म्हणून नाही, बेदाण्यांसाठी लगेच फोन करायचा. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. कुणाला मूठभर खाऊनही काही होत नाही आणि कुणाला थोडक्यातच होतं, त्यामुळे ‘इतके चालतात’ असा आकडा नाही. संशय टार्टारिक आम्लावर आहे आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे भेळेची चटणी आणि चिंचेचा कोळ घातलेल्या आमट्याही दूर ठेवा. खाल्ल्यावर साधारण दोन तासांच्या आत दवाखान्यात पोहोचलात तर उलटी करवून बरंच बाहेर काढता येतं. उशीर झाला तरी जा. ‘ठीक दिसतो’ यावर विसंबू नका. उलट्या पहिल्याच दिवशी सुरू होतात, पण मूत्रपिंडाचा बिघाड दिसायला एक ते तीन दिवस जातात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. त्याने रक्तातलं सोडियम चढतं, आणि ते बेदाण्यांइतकंच जीवघेणं ठरू शकतं.

चॉकलेटचा हिशोब करता येतो. त्यातलं थिओब्रोमिन हे कुत्र्यांना बाधणारं द्रव्य दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ किंवा त्याहून जास्त. म्हणजे तुमच्या बीगलचं वजन १० किलो धरलं, तर ५० ग्रॅम मिल्क चॉकलेटने १० चाच आकडा होतो आणि बहुधा फक्त पोट बिघडेल, पण तेवढंच डार्क खाल्लं तर २५ चा आकडा गाठला जातो आणि दवाखाना गाठावा लागतो. कागद फेकू नका, सोबत न्या.

सगळ्यांत वाईट आहे ‘शुगर फ्री’. मिठाईत किंवा च्युइंगगममध्ये झायलिटॉल असेल (वेष्टनावर ई९६७ असंही लिहिलेलं असतं), तर दर किलो वजनामागे फक्त ०.१ ग्रॅम पुरतं. अर्ध्या तासात साखर कोसळते, कुत्रा झोकांड्या खातो. प्रमाण जास्त गेलं तर यकृत निकामी होतं. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेला डबा म्हणूनच वरच्या फळीवर.

चकली, शेव आणि बेदाणे नसलेला चिवडा, करंजी विषारी नाहीत, पण तेलतूप आणि मीठ. एकदम भरपूर खाल्लं की स्वादुपिंडाला सूज येते, आणि तीही कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. वारंवार उलट्या, खाणं बंद, आणि पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवून ढुंगण वर अशी बसणी दिसली की पोटात दुखतंय. खेळायला बोलावतानाही कुत्रे असेच वाकतात, फरक इतकाच की तेव्हा शेपूट नाचत असते. कांदा-लसूण घातलेला चिवडा मुळीच नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. काही द्यायचंच झालं तर फोडणीआधीचे कोरे भाजके पोहे, चमचाभर.

बेल वाजली की आमची इंडी (देशी कुत्री) भुंकून घर डोक्यावर घेते आणि पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते. भाऊबीजेला वीस माणसं येणार आहेत.
– एक वाचक, नाशिक

‘नाही, नाही’ ओरडल्याने ती थांबत नाही. तिच्या दृष्टीने तुम्हीही भुंकताय. तिला उडी मारण्याऐवजी करायला दुसरं काम द्या. दारापासून सात-आठ फुटांवर एक सतरंजी टाका. तिच्यावर चारही पाय पडले की खाऊ, असं दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. दोन दिवसांनी ‘जागा’ हा शब्द जोडा. मग बेलचा आवाज मोबाइलवर हळू वाजवून ‘जागा’, मग खरी बेल, मग शेजारच्या काकूंना दारात उभं करून. प्रत्येक पायरी दहातून आठ वेळा जमली की पुढची. इथे घाई झाली की सगळं फिसकटतं. लोक पहिल्या दिवशी सतरंजी दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे बोलावतात.

पाहुण्यांनाही सांगून ठेवा: उडी मारली तर हात न लावता, न बोलता पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की मगच ‘ये गं’. वीसपैकी एका मामांनी उडी मारतानाच लाड केले तरी शिकवणी मागे जाते, आणि असे एक मामा प्रत्येक घरात असतात. म्हणून पहिली पंधरा मिनिटं पट्टा लावलेलाच ठेवा.

भाचा साडेतीन वर्षांचा आहे, कुत्र्याच्या गळ्यात पडतो. कुत्रा हल्ली गुरगुरतो. रागवावं का?
– एक वाचक, ठाणे

गुरगुरण्याबद्दल रागावू नका. ती सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचनेविनाच चावा मिळेल. गुरगुरण्याआधीच्या खुणा बघा: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, एकदम थिजणं. मूल आणि कुत्रा एका खोलीत असताना जागं आणि मोबाइलशिवायचं एक मोठं माणूस हवंच. जेवताना, झोपेत आणि पलंगाखाली असताना कुत्र्याला मुलाने हात लावायचा नाही. चावा बसलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

भुईचक्राने पंजा भाजला तर हळद लावावी की बर्फ?
– एक वाचक, सातारा

दोन्ही नाही. तूप आणि टूथपेस्टही नाही. साधं गार पाणी दहा ते वीस मिनिटं सोडा, स्वच्छ ओल्या कापडाने सैल झाका, चाटू देऊ नका आणि दवाखान्यात न्या. न फुटलेला फटाका चघळला असेल तर त्यातल्या बेरियमच्या क्षारांमुळे स्नायू लुळे पडू शकतात, तिथे वाट बघायची नाही.

गेल्या वर्षी फटाक्याने दचकून कुत्रा पट्ट्यातून मान काढून पळाला, दोन दिवसांनी सापडला. पुन्हा होऊ नये म्हणून?
– एक वाचक, पुणे

साधा गळपट्टा मागे रेटा दिला की डोक्यावरून निघतो. सणाच्या काळात हार्नेस (छाती-पाठीवरून बसणारा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना दोरी जोडा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैलपणा. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, त्यावर कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवली असेल तर तिच्या १५ अंकी क्रमांकापुढे आजचा फोन नंबर नोंदलेला आहे का, ते तपासा. चिपने कुत्रा कुठे आहे हे कळत नाही, सापडल्यावर कुणाचा आहे एवढंच कळतं. आणि सणाला दार उघडंच राहतं, म्हणून बाळांसाठी मिळतं तसं आडवं फाटक दारात लावा.

पळालाच तर नाव घेत मागे धावू नका. घाबरलेला कुत्रा मालकापासूनही पळतो. खाली बसा, अंग तिरकं ठेवा, खाऊ जमिनीवर टाका.

आमच्या सोसायटीखालच्या भटक्या कुत्र्यांसाठी काय करता येईल? काही मुलं त्यांच्या शेपटीला माळ बांधतात.
– एक वाचक, पनवेल

माळ बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. प्राणी मेला किंवा अपंग झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ही दोन वाक्यं सोसायटीच्या फलकावर लावा. मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांवर त्याचा परिणाम जास्त होतो. त्याच नरक चतुर्दशीला नेपाळमध्ये कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, हेही खाली लिहायला हरकत नाही.

खायला रोजच्यापेक्षा तास-दोन तास आधी, फटाके सुरू व्हायच्या आत द्या आणि पार्किंगचा किंवा जिन्याखालचा एक कोपरा पाच रात्री मोकळा ठेवा. चमकणारे गळपट्टे घातले तर सैरावैरा पळताना गाड्यांना दिसतील. आवारात सकाळी झाडू लागायच्या आधी कुत्रे फिरतात, म्हणून न फुटलेले फटाके आणि तारा रात्रीच पाण्याच्या बादलीत टाका. आणि हे लक्ष्मीपूजनापुरतं नको: तुळशीच्या लग्नालाही फटाके वाजतात, तोवर कोपरा आणि बादली दोन्ही राहू द्या.