बेंदराची पोळी आणि रात्रीचं भडंग

ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ३४. सहा महिने बाराशे कॅलरीचं डाएट चालू आहे. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि वाटीभर मूग. ताटाचा फोटो रोज ग्रुपवर टाकावा लागतो. बेंदराला सासरी पलूसला गेले, सासूबाईंच्या आग्रहाने दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि दुसरा दिवस नुसत्या ताकावर काढला. पण रात्री अकराला सगळे झोपले की भडंगाचा डबा घेऊन ओट्याशी उभी असते. आवाज न करता झाकण उघडायची सवय झाली आहे. सकाळी स्वतःची किळस येते. परवा नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, तूप खाल्लं की मी जाडी होईन?" जिभेवर ताबा कसा मिळवू?

बाई गं, तुझ्या जिभेला नावं ठेवू नकोस. तू दिवसभर उपाशी असतेस. रात्री अकराला डब्याकडे जाते ती दुपारची भूक.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळायच्या. या मुलांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. ताटं चाटून पुसायची, पाककृतींची पुस्तकं जमवायची. पोटभर मिळायला लागल्यावरही काहींची खा-खा लवकर थांबली नाही. बाईची गरज पुरुषापेक्षा कमी असते हे खरं, पण तुझा आकडा त्यांच्याहूनही खाली आहे. आणि वर तू घर चालवतेस.

भुकेवर अपराधीपणाची फोडणी पडली की मग काही खरं नाही. दोन पोळ्या खाल्ल्या, आता सगळं बिघडलंच, असं एकदा मनाने घेतलं की हात थांबत नाही. मग शिक्षा म्हणून ताक, ताकामुळे पुन्हा भूक, भुकेने पुन्हा डबा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पोळ्या किती खाल्ल्यास ते त्यात आहे, दुसऱ्या दिवशी काय सोसलंस ते आहे, पण पोळी कशी झाली होती याबद्दल एक अक्षर नाही. पुरण मऊसूत होतं का? कटाच्या आमटीला मसाल्याचा वास होता का? सासूबाईंनी सकाळपासून खपून केलेली पोळी तुझ्या तोंडात गेली आणि तुला लागलीच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. गव्हाची पारी, हरभऱ्याची डाळ, गूळ, वर तूप. यात लाज वाटावी असं काय आहे?

आधी त्या ग्रुपमधून बाहेर पड. आपलं ताट चार परक्या लोकांना दाखवून पास करून घ्यायचं, हे मला मुळीच पटत नाही. सकाळी पोहे, उपीट, जे घरात होईल ते खा. दुपारी भाकरी, भाजी, आमटी, भात असं नीट जेव. भडंग हवंच असेल तर संध्याकाळी चहाबरोबर, बशीत घेऊन, सगळ्यांसोबत बसून खा. थोडा कांदा चिरून घाल, लिंबू पिळ. सणाला जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवायचं, वजावट करायची नाही. सुरुवातीचे काही दिवस जरा जास्त खाल्लं जाईल, त्याला घाबरू नकोस.

साखर, थायरॉइड असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून पथ्य ठरव, ते वेगळं. पण खाऊन ओकारी काढावीशी वाटत असेल, किंवा खाताना थांबताच येत नाही असं वरचेवर होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटच. सांगली-मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

राहिली लेक. तिला भाषण देऊ नकोस. "तूप चांगलं असतं, भूक आहे तेवढं जेव," एवढं पुरे. तिच्यासमोर आरशात पोट चिमटीत धरून बघत असशील, तर ते मात्र आजपासून बंद. आता नागपंचमी आली. सासूबाईंना फोन कर, पुरणाची दिंडं करायला लेकीला घेऊन येते म्हणून सांग. वाफेवरून उतरली की तिघी एकत्र बसा, आणि तुझ्या दिंडावर तूप लेकीला वाढू दे.