‘त्रिमितीय पेशी’ नव्हे, ऊती!

एका वाचकाने विचारलंय: ‘स्तनकर्करोगाच्या त्रिमितीय पेशींवर पेप्टाइडची चाचणी’ या वाक्यात पेशी बरोबर की ऊती?

ऊती, म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या पेशींचा समूह, इंग्रजीत टिश्यू. पेशी त्रिमितीयच असते. सपाट असतो तो बशीचा तळ. ही चूक इतक्यांदा कानावर येते की आता चीड येते. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या की तळाला चिकटून पसरतात आणि औषध प्रत्येकीला थेट गाठतं. जेलीसारख्या मऊ पदार्थात, म्हणजे जेलमध्ये, वाढवल्या की त्यांचा गोळा बनतो. मग पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारख्या औषधाला, बाहेरचे थर ओलांडून, वाटेत विकरांच्या (एन्झाइमांच्या) तावडीतून सुटून आत शिरावं लागतं. बशीतलं गुणकारी औषध गोळ्यात लंगडं पडू शकतं ते म्हणूनच. तपासायचा असतो हा गुंता, सुटी पेशी नव्हे.

आणि गुंता हाच या शब्दाचा जीव! संस्कृत ‘वे’ म्हणजे विणणे, त्यावरून ऊती. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने १८०० च्या सुमारास, सूक्ष्मदर्शक न वापरता, शरीरातल्या २१ ऊती मोजल्या. त्याचा शब्द ‘तिस्यू’, म्हणजे विणलेलं कापड. हिस्टॉलॉजीतला, म्हणजे ऊतिशास्त्राच्या इंग्रजी नावातला, ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग. आपल्या परिभाषाकाराने नेमका तोच धागा उचलला.

‘वे’ याच धातूचा ‘ओतप्रोत’: आ + उत, प्र + उत, उभंआडवं विणलेलं. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सारं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? ती विणीबद्दल विचारतेय. ‘उत्साहाने ओतप्रोत’ लिहिताना ज्यांना भांड्यातून ओतणं आठवतं, त्यांनी गार्गीचा प्रश्न एकदा मुळातून वाचावा.

काही जाणकार ऊतीचं मूळ ‘अव्’, म्हणजे रक्षण करणे, यात सांगतात. वेदांत त्या अर्थाचा ऊति आहे, नक्कीच आहे, पण तो वेगळा शब्द. ‘पेशींचं रक्षण करते ती ऊती’ ही मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती आहे. मला ती साफ अमान्य आहे.

माझा आग्रह आणखी पुढचा आहे. पेशींभोवतीच्या कोलॅजेन वगैरे प्रथिनांच्या जाळ्याला ‘आधारक’ कशाला, ‘वीण’ म्हणा! १९९७ मध्ये अमेरिकेत बर्कले इथे जीवशास्त्रज्ञ मिना बिसेल यांच्या गटाने कर्करोगी स्तनपेशींना या जाळ्याशी जोडणारं बीटा-१ इंटिग्रिन हे प्रथिन प्रतिपिंडाने अडवलं. जनुकांतले बिघाड तसेच राहिले, तरी जेलमधल्या पेशी निरोगी स्तनातल्यासारख्या गोल, नीटस रचनेत बसल्या. उसवली होती ती वीण. ‘आधारक’ म्हटलं की हे डोळ्यांपुढे येतच नाही.

लेखनाचं तेवढं ध्यानात ठेवा: सुट्या ‘ऊती’तली ‘ती’ दीर्घ, समासात ऱ्हस्व, ‘ऊतिसंवर्धित केळी’.