दृश्यकाव्य, चित्रकाव्य की मूर्त कविता?

प्रश्न असा आहे: ज्या कवितेत अक्षरांची कागदावरची मांडणीच आशय सांगते, तिला मराठीत दृश्यकाव्य म्हणावं की चित्रकाव्य? आणि अशा कवितेचं लोकांना एवढं वेड का?

दृश्यकाव्य तर नकोच. काव्यशास्त्राने श्रव्य आणि दृश्य असे काव्याचे दोन भेद केले, तेव्हाच तो शब्द नाटकाच्या नावावर झाला.

चित्रकाव्य जवळचा वाटतो, पण तिथलं ‘चित्र’ निव्वळ रंगरेषांचं नव्हे. ‘विचित्र’मध्ये आहे तो नवलाचा अर्थ त्यात मोठा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने या प्रकाराला ‘अवर’ म्हणून खालच्या पायरीवर बसवलं, कारण त्यात व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, नाही. मला हा निकाल जरा कडकच वाटतो. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत महाकाव्याच्या १५व्या सर्गातला सर्वतोभद्र बंध, म्हणजे अक्षरं ठरावीक आकृतीत बसवलेली रचना, पाहा:

दे वा का नि नि का वा दे
वा हि का स्व स्व का हि वा
का का रे भ भ रे का का
नि स्व भ व्य व्य भ स्व नि

प्रत्येक ओळ उलटी वाचली तरी तीच. पहिल्या उभ्या रांगेत पुन्हा ‘दे वा का नि’, दुसऱ्या रांगेत ‘वा हि का स्व’. ही करामत नुसत्या कानाला उमगणं अवघड. अक्षरं चौकटीत मांडली की लगेच दिसते. पण इथे डोळ्याला कोडं मिळतं. अर्थ त्या चौकटीतून उगवत नाही.

इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्टच्या १६३३ साली छापलेल्या ‘ईस्टर विंग्ज’मध्ये तो उगवतो. ओळी आखूड होत जातात तसा त्यातला माणूस दरिद्री होत जातो, आणि पुन्हा लांबतात तसा वर उठतो. एकूण आकार पंखांचा. हिला आकृतिकविता म्हणावं.

विसाव्या शतकाच्या मध्याला स्वित्झर्लंडचा कवी ऑयगेन गोमरिंगर आणि ब्राझीलमधला नोइगांद्रेस हा कवींचा गट आणखी पुढे गेले. वाक्य नको, वर्णन नको; शब्द हीच वस्तू. ब्राझीलच्या मंडळींनी १९५८ साली तसा जाहीरनामाही काढला. गोमरिंगरच्या एका प्रसिद्ध कवितेत ‘गप्प राहणं’ या अर्थाचा एकच जर्मन शब्द चौदा वेळा येतो, पाच ओळींत, ओळीला तीन. फक्त मधल्या ओळीच्या मधोमध जागा कोरी. आता ही कविता म्हणून दाखवा पाहू! तोंड उघडलं की शांतता मोडली. ती राखणं फक्त कागदाला जमतं.

आकर्षणाचं मूळ मला इथे दिसतं. एरवी आपण अक्षराच्या आरपार अर्थाकडे बघतो. ही कविता नजर अक्षरावरच अडवते. घाईत केलेला नमुना देतो:

आठवण
आठव
आठ
आ

मोठ्याने वाचलं तर चार आवाज ऐकू येतात. डोळ्यांना मात्र विसरणं घडताना दिसतं, आणि शेवटी उरतो तो वासलेला ‘आ’. अशा कवितेची माझी कसोटी हीच: म्हणून दाखवताना काहीच हरवलं नाही, तर आकार नुसती नक्षी होता. झाडाच्या आकारात छापलेल्या झाडावरच्या बऱ्याच कविता इथे गळतात.

तर नाव? जुन्या बंधांना चित्रकाव्य राहू द्यावं आणि या नव्या प्रकाराला मूर्त कविता म्हणावं. इंग्रजीत हिला ‘काँक्रीट पोएट्री’ म्हणतात; त्यातलं विशेषण ‘अमूर्त’च्या विरुद्ध अर्थाचंच आहे, आणि ‘काँक्रीट कविता’ म्हटलं की सिमेंट कालवल्यासारखं वाटतं. देवनागरीत तर शिरोरेषा तोडता येते, वेलांटी लांबवता येते, काना सुटा उभा करता येतो. र. कृ. जोशी कवीही होते, सुलेखनकारही आणि ‘मंगल’ या फॉन्टचे कर्तेही. एकाच माणसात हे तिन्ही यावं याचं म्हणून मला नवल वाटत नाही.

एक व्यावहारिक सूचना: अशी कविता कुणाला पाठवायची तर फोटो काढून पाठवा. मजकूर म्हणून पाठवली की समोरच्याच्या पडद्यावर ओळी भलतीकडेच तुटतात.